पावसाळा, ओला गणवेश आणि करंट बिल



जुलै-ऑगस्ट आला की वर्गशिक्षकांकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांत ताप-सर्दीच्या जोडीला आणखी एक कारण दिसू लागते : "गणवेश वाळला नाही." काही मुले दमट गणवेश तसाच घालून येतात आणि तो दिवसभर अंगावर वाळवतात. पूर्वी कोठी, सुलतान बाजार, जांबाग भागातल्या कितीतरी घरांना अंगण नाहीतर मोकळी गच्ची असे. आता अनेक कुटुंबे फ्लॅटमध्ये राहतात. गच्चीवर पाण्याच्या टाक्या आणि बाल्कनीत जेमतेम एक वलणी. म्हणून पालकसभेत प्रश्न येतो, "कपडे वाळवायचे मशीन घ्यावे का? परवडेल का?" याचे उत्तर आपल्या विज्ञान-गणिताच्या पुस्तकांतच आहे. म्हणून हा छोटासा पाठ.

दोन 'ड्रायर', दोन कामे

आधी नावाचा घोळ दूर करू. सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या दुसऱ्या टबाला आपण ड्रायर म्हणतो. तो कपडे वाळवत नाही, जोरात फिरवून पाणी बाहेर फेकतो, म्हणजे पिळतो. खरा ड्रायर वेगळा. त्याच्या ड्रममध्ये कपडे उलटेपालटे होतात आणि गरम हवा त्यांतल्या पाण्याची वाफ करते. पिळणे आणि वाफ करणे या दोन कामांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. या पाठातली मुख्य गोष्ट तीच.

एक लिटर पाण्याची किंमत

चौघांच्या घरातले ५ किलो कोरडे सुती कपडे घ्या. हाताने पिळल्यावर त्यांत साधारण कपड्यांच्या वजनाइतके, म्हणजे ५ लिटर पाणी उरते. मशीनमध्ये चांगले फिरवून काढले तर साधारण ३ लिटर.

आपल्याकडच्या तापमानाला एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. भागाकार करा : एका लिटरला किमान ०.६७ युनिट. प्रत्यक्षात कपडे, ड्रम आणि हवा तापवण्यातही उष्णता जाते, म्हणून साध्या हीटरच्या ड्रायरला लिटरमागे सुमारे एक युनिट धरावे. हाताने पिळलेल्या कपड्यांना ५ युनिटे, फिरवून काढलेल्यांना ३.

आता दुसरी बाजू पाहा. ३०० वॅटची मोटर ५ मिनिटे फिरली तर खर्च होते ०.०२५ युनिट. एवढ्याशा विजेत २ लिटर पाणी निघाले आणि ड्रायरची २ युनिटे वाचली, म्हणजे खर्चाच्या ऐंशी पट! कारण पिळताना पाणी पाणीच राहते, त्याला फक्त ढकलायचे असते. वाफ करताना मात्र प्रत्येक थेंबाला उष्णता पुरवावी लागते.

बिलातली २०० ची पायरी

समजा, पावसाळ्यात एक दिवसाआड असा महिन्यातून १५ वेळा ड्रायर लावला. १५ गुणिले ३ म्हणजे ४५ युनिटे. "पंचेचाळीस युनिटांनी काय होते?" असे वाटेल. पण बिल सरळ गुणाकाराने वाढत नाही.

तेलंगणच्या २०२२-२३ च्या घरगुती दरपत्रकाप्रमाणे हिशेब करू. महिन्याचा वापर १०१ ते २०० युनिटांत असेल तर पहिल्या १०० युनिटांना ३.४० रुपये आणि पुढच्यांना ४.८० रुपये दर होता. वापर २०० च्या वर गेला की पहिल्या २०० युनिटांनाही ५.१० रुपये आणि त्यापुढे ३०० पर्यंत ७.७० रुपये. स्थिर आकार वगैरे सोडून फक्त युनिटांचे पैसे पाहा :

१७० युनिटे : ३४० + ३३६ = ६७६ रुपये.
२१५ युनिटे : १०२० + ११५.५० = ११३५.५० रुपये.

फरक ४५९.५० रुपये. म्हणजे वाढलेले प्रत्येक युनिट १० रुपयांहून महाग पडले, आणि या दोन्ही हिशेबांत ७.७० च्या वरचा दर तर कुठेच नाही! पायरी ओलांडल्यामुळे मागची सगळी युनिटे महागली.

२०२४ मध्ये गृहज्योती योजना सुरू झाली. त्यात पात्र रेशनकार्डधारकांना २०० युनिटांपर्यंत शून्य बिल आणि त्यावर गेल्यास पूर्ण बिल. अशा घरात १७० युनिटांना काहीच भरावे लागत नाही, २१५ झाली की सगळेच भरावे लागते. म्हणून मशीनची किंमत विचारण्याआधी घरातली गेल्या पावसाळ्यातली बिले काढून बसा. तुमच्या बिलावरचे आजचे दर घालून हाच हिशेब पुन्हा करा.

यंत्र घ्यायचेच असेल तर

हीट पंप प्रकारचा ड्रायर फ्रीजच्या तत्त्वावर चालतो. वाफेतून परत मिळणारी उष्णता तो पुन्हा वापरतो, त्यामुळे साध्या ड्रायरच्या निम्मी किंवा त्याहून कमी वीज लागते. वरच्या घरात ४५ ऐवजी साधारण २२ युनिटे लागतील. एकूण १९२, म्हणजे पायरीच्या आत. बिल वाढेल सुमारे १०५ रुपयांनी. पण हे यंत्र साध्यापेक्षा बरेच महाग असते आणि वाळवायला वेळही जास्त घेते. वर्षातले तीन-चार महिनेच ते लागणार, हेही ध्यानात घ्यावे. आपल्या हैदराबादच्या उन्हाळ्यात वलणीवरचा टॉवेल तासाभरात कडक होतो.

साधा ड्रायर २००० वॅटच्या आसपास किंवा जास्त वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचा प्लग आणि अर्थिंग हवे. जुन्या घरातल्या वायरिंगवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर तो लावू नये. जाळीत साठणारा कापसाचा भुगा प्रत्येक वेळी काढावा, तो पेट घेऊ शकतो. कपडे धुऊन वाळवणाऱ्या एकत्र मशीनमध्ये धुण्याइतके कपडे एकदम वाळत नाहीत, हे दुकानातच विचारून घ्यावे.

पंख्याचे गणित

७५ वॅटचा पंखा ८ तास चालला तर ०.६ युनिट लागते. इतके कमी कसे? पंखा उष्णता देत नाही. ती खोलीतली हवा देते. पंखा फक्त कपड्याला चिकटलेली दमट हवा हलवतो. पण ३ लिटर पाणी त्या खोलीच्याच हवेत जाते. खिडकी बंद ठेवली तर भिंतींना बुरशी येते, दमेकऱ्यांना त्रास होतो. म्हणून खिडकी उघडी ठेवावी, दोन कपड्यांत चार बोटे अंतर सोडावे आणि रात्री कपडे झोपायच्या खोलीत टांगू नयेत.

घरी करून पाहा

एक टॉवेल कोरडा, हाताने पिळल्यावर आणि मशीनमध्ये फिरवल्यावर असा तीनदा वजन करून वहीत मांडा. किती पाणी कशाने निघाले आणि उरलेल्याला किती युनिटे लागतील, ते काढा. मशीन नसेल तर ओला शर्ट कोरड्या टॉवेलात गुंडाळून दोघांनी पिळा आणि फरक नोंदवा.

कोठीच्या रेसिडेन्सीतल्या महिला विद्यापीठाला २०२४ मध्ये चाकली ऐलम्मांचे नाव दिले गेले. तेलुगूत चाकली म्हणजे परीट. कपडे धुणे-वाळवणे हे किती कष्टाचे काम आहे, याची आठवण ते नाव करून देते. आज बहुतेक घरांत हे काम आईवर पडते. तेव्हा तिने ड्रायर मागितला तर ती चैन समजू नका. आजी-आजोबा अंथरुणाला खिळलेले आहेत, तान्हे बाळ आहे, गच्ची नाही, अशा घरात यंत्राचा खर्च योग्यच ठरेल. इतर घरांत जास्तीचे एक स्पिन, एक पंखा आणि गणवेशाचा एक जादा जोड यांवर पावसाळा निघून जाईल. आणि मुलांनो, पिळणे आणि वाळत घालणे तुम्हालाही जमते!

पालकांना एकच विनंती. गणवेश वाळला नसेल तर मुलाला घरी ठेवू नका आणि ओल्या कपड्यांतही पाठवू नका. दोन ओळींची चिठ्ठी देऊन साध्या कोरड्या कपड्यांत पाठवा. चिठ्ठी आम्ही समजून घेऊ. बुडालेला पाठ मात्र परत भरून काढणे कठीण असते.