वर्षाचा तक्ता

आमच्या वर्गाने विशेष दिवसांचा तक्ता तयार केला. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन लिहिला. १५ ऑक्टोबरला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, म्हणजेच वाचन प्रेरणा दिन लिहिला. श्रावणातल्या अमावास्येला बैलपोळा. त्या दिवशी बैलांना विश्रांती आणि पुरणपोळी मिळते.

एक मुलगी हिरमुसून म्हणाली, "सर, ईद कुठे लिहू? तिला पक्का महिनाच नाही!"

मी म्हणालो, "बेटा, हिजरी वर्ष चंद्रावर चालते. ते सुमारे ३५४ दिवसांचे असते. म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येते. पोळाही चंद्रावरच ठरतो. पण अधिक महिन्यामुळे तो पावसाळ्यातच राहतो. ईद मात्र सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येते."

तिने ईदचे कार्ड टाचणीने लावले. "पुढच्या वर्षी मीच ते सरकवीन," ती हसून म्हणाली.