पेटीतल्या कागदांनी शिकवलेलं

राजुरा तालुक्यात आणि त्यातून वेगळ्या झालेल्या कोरपना-जिवतीत मी लोकांची जुनी कागदपत्रं लावून देतो. कुणाला जात पडताळणीसाठी हवी असतात, कुणाला वनहक्काच्या दाव्यासाठी, आणि क्वचित एखाद्या नातवाला नुसतीच वंशावळ हवी असते. या कामात जे हाताला लागलं ते इथे मांडतो. क्रमाला काही अर्थ नाही.

१. आधी जिल्हा कोणता ते ठरवा.

राजुऱ्यात १९४५ साली जन्मलेल्या माणसाचा विचार करा. तो जन्मला हैदराबाद संस्थानातल्या आदिलाबाद जिल्ह्यात. शाळेत होता तेव्हा, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर, तालुका मुंबई राज्यातल्या नांदेड जिल्ह्यात गेला. १९५९ मध्ये तो चांदा जिल्ह्याला जोडला गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र आला, आणि पुढे चांद्याचं चंद्रपूर झालं. म्हणजे बिऱ्हाड न हलवताच या गृहस्थाचे कागद स्थलांतरितासारखे विखुरले. त्याच्या आजोबांची नोंद चंद्रपूरला शोधत बसणं म्हणजे चपला झिजवणं. वर्धा नदीपलीकडे बल्लारपूर मध्यप्रांतात होतं आणि अलीकडे आपण निजामाच्या राज्यात, हे ज्याला ठाऊक आहे त्याचे निम्मे हेलपाटे वाचतात. आपल्याकडचा शोध १९५४-५५ च्या खासरा पाहणीपत्रकाकडे जातो, आणि त्याहून मागे जायचं तर हैदराबादच्या तारनाक्यातल्या अभिलेखागाराकडे.

मराठवाड्यातून आलेल्यांचंही तसंच. ‘आम्ही लातूर जिल्ह्यातले’ असं कुणी म्हटलं की मी उस्मानाबाद लिहून घेतो, कारण लातूर जिल्हा झाला १९८२ साली. हिंगोलीवाल्यांचे जुने कागद परभणीच्या नावाने असतात.

२. कुटुंबाचं साल वेगळं असतं, सरकारचं वेगळं.

माणिकगडच्या डोंगरावर, कोलाम आणि गोंडांच्या गुड्यांच्या आसपास, मराठवाड्यातली शेकडो कुटुंबं येऊन वसली. काही आधीच आली होती, पण मोठा लोंढा १९७२ च्या दुष्काळात आला. त्यात बंजाऱ्यांचे तांडे होते, दलित होते, मुसलमान होते. त्यांच्या घरात काळ मोजतात तो बहात्तरपासून. सरकार मात्र तीन वेगळ्याच तारखा विचारतं. विमुक्त जातीच्या दाखल्याला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा लागतो, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० चा. वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ च्या मागे तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, दाखवावी लागतात. बहात्तरला आलेला माणूस या हिशोबात बसणार कसा? इथे त्याने पन्नास वर्षं जमीन कसली तरी दाखल्यासाठी त्याला सोडलेल्या गावी जावं लागतं. तिथे घर उरलेलं नसतं, ओळखणारं कुणी नसतं. असते फक्त शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातली काकाची नाहीतर आत्याची एक ओळ. म्हणून मूळ गावची शाळा पहिल्यांदा गाठावी, तहसील नंतर.

३. फसली सालाची भीती बाळगू नका.

निजामकालीन कागदावर १३५०, १३५७ असे आकडे दिसले की लोक हबकतात. त्यात ५९० मिळवा. महिना जानेवारी ते सप्टेंबरमधला असेल तर ५९१. महिन्यांची नावं आजूर, दै, बहमन अशी येतात आणि वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं. उर्दू वाचणारे अजून राजुऱ्यात भेटतात. मोडी वाचणारे कमी.

४. ‘कामाचा नाही’ म्हणून कोणताही कागद चुलीत घालू नका.

माझं भांडण खरं इथे आहे. पडताळणीच्या धाकाने लोकांनी आपल्या कागदांची दोनच जातींत वाटणी केली आहे: पुरावा आणि रद्दी. दाखला, सातबारा, रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, बाकी सगळं वाळवीला. त्या बाकीच्यात काय असतं? आहेराची वही असते. लग्नात कुणी किती रुपये लिहिले, कुणी पातळ दिलं, कोण कुठल्या गावाहून आलं, हे तिच्यात ओळीने लिहिलेलं असतं. एखाद्या तांड्याची पांगापांग पाहायची तर तिच्याइतकी चांगली खानेसुमारी नाही. बैलबाजाराची पावती असते, म्हणजे गाव सोडताना कोणत्या बाजारात बैल मोडले ते कळतं. दुष्काळी कामाचं हजेरीचं कार्ड असतं, मनीऑर्डरच्या पावत्या असतात, आंतरदेशीय पत्रं असतात. ‘इकडे पाऊस बरा आहे, जमीन काळी आहे, धाकट्याला घेऊन ये’ अशा मजकुराचं एखादं पत्र कोणत्याच समितीपुढे चालत नाही. पण कुटुंब इथे का आलं, याचं उत्तर त्याच पत्रात असतं.

इथे मला नॉर्वेकरांचा हेवा वाटतो. १८२५ साली स्टावांगर बंदरातून ५२ माणसं ‘रेस्टोरेशन’ नावाच्या छोट्या गलबतातून अमेरिकेला निघाली. पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांवर लोक त्यांच्या मागे गेले. ही काही राजेरजवाड्यांची मंडळी नव्हती. कुळं होती, धाकटे भाऊ होते, आपल्या तांड्यांसारखीच गरज होती. त्यांनी घरी लिहिलेल्या पत्रांत मजुरी किती, गव्हाचा भाव काय, गाय केवढ्याला पडली, असलाच मजकूर असे, आणि ती पत्रं गावोगाव वाचली जात, उतरवून घेतली जात. १९२५ मध्ये त्यांनी मिनेसोटातल्या नॉर्थफील्डला, सेंट ओलाफ कॉलेजात, आपली इतिहाससंस्था काढली. कादंबरीकार रोलवाग तिचे पहिले चिटणीस. शेतकऱ्यांची पत्रं, रोजनिश्या, हिशोबाच्या वह्या त्यांनी गोळा केल्या, छापल्या. दाखला मिळावा म्हणून नव्हे, आपण कोण ते कळावं म्हणून. जिवतीच्या डोंगरावर आलेल्यांचं असं एकही दप्तर कुठे नाही, आणि मला ही लाजेची गोष्ट वाटते.

५. म्हाताऱ्या माणसाला साल विचारू नका.

‘कोणत्या वर्षी आलात?’ म्हटलं की तो घाबरून साहेबाला द्यायचं ते उत्तर देतो. ‘तेव्हा कडेवर कोण होतं?’ असं आजीला विचारा. मग मुलाच्या वयावरून साल आपोआप निघतं. पहिली विहीर कुणी खोदली, पहिली लाकडं कोणत्या नाल्यातून आणली, कोलामांनी पहिल्या वर्षी काय खायला दिलं, हे बायकांना लख्ख आठवतं. वंशावळीत मात्र त्यांची नावंच नसतात. माहेरचं नाव आणि माहेरचं गाव मी आता हट्टाने लिहून घेतो.

गोंडांकडे ही सोय फार जुनी. त्यांच्या सगाशाखांचा इतिहास परधान किंगरीवर गाऊन सांगतात. मानववंशशास्त्रज्ञ हायमेन्डॉर्फ यांनी १९४० च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांत राहून तो टिपला. कागद नसलेल्याला इतिहास नसतो असं मानणाऱ्या कारकुनाने परधानासमोर एक रात्र बसून पाहावं.

६. दोन राज्यांचे कागद असतील तर दोन्ही ठेवा.

जिवतीतल्या सीमेवरच्या चौदा गावांत एका घरात महाराष्ट्राचंही मतदार कार्ड असतं आणि तेलंगणाचंही. तोच बंजारा इकडे विमुक्त जातीत, तिकडे अनुसूचित जमातीत. त्यात लपवण्यासारखं त्या माणसाने काही केलेलं नाही. रेघ सरकारांनी मारली.

७. जुना कागद लॅमिनेट करू नका.

एकदा केला की तो सुटत नाही आणि आतल्या आत पिवळा पडत जातो. टाचण्या काढा, गंज कागद खातो. फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने नावं लिहा. सुती रुमालात बांधा, आणि मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोघांकडे तरी ठेवा.

बहात्तरला जे ऐन पंचविशीत डोंगर चढले ते आज पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत. तुमच्या घरात असं कुणी असेल तर दिवाळीची वाट पाहू नका. या रविवारी पेटी उघडा, त्यांना शेजारी बसवा, आणि एकेक कागद कुणाचा ते लिहून घ्या.