काचेच्या पेटीतला पिरान्हा

सोलापूर शहरात रंगीत मासे विकणारी दुकाने आहेत. लाल, पिवळे, काळे मासे काचेच्या पेटीत फिरत असतात. लहान मुले दुकानापुढे थांबली की हलत नाहीत. मग घरचा माणूस एखादी पेटी विकत घेतो. पेटी घरी आली की हौस वाढते. कोणी म्हणतो, "आपण पिरान्हा पाळू. लोक बघायला येतील."

मंडळी, हौस वाईट नाही. पण घरात जीव आणायचा तर त्याची माहिती आधी हवी. हा मासा कसा आहे, त्याला काय लागते, आणि पाळणे जमले नाही तर काय करू नये, हे आपण या पाठात पाहू.

पिरान्हा कोठला?

पिरान्हा आपल्याकडचा नाही. तो दक्षिण अमेरिकेचा. तेथे अॅमेझॉन नावाची फार मोठी नदी आहे. त्या नदीत आणि आसपासच्या नद्यांत तो राहतो. तेथल्या आदिवासींच्या तुपी भाषेत 'पिरा' म्हणजे मासा. त्यावरून हे नाव पडले.

लाल पोटाचा पिरान्हा सुमारे फूटभर वाढतो. त्याचे अंग दोन्ही बाजूंनी चपटे असते. खालचा जबडा पुढे आलेला असतो. दात त्रिकोणी आणि धारदार असतात. वरचे दात खालच्या दातांत कात्रीसारखे बसतात. म्हणून तो मांसाचा तुकडा सहज तोडतो.

अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट 1913–14 साली ब्राझील देशात फिरले. 1914 साली त्यांनी त्या प्रवासाचे पुस्तक लिहिले. त्यात पिरान्हाचे वर्णन फार भयंकर आहे. तेव्हापासून या माशाची दहशत जगभर पसरली. खरे पाहता हा मासा लहान मासे, किडे, मेलेली जनावरे आणि झाडांच्या बियाही खातो. तो घोळक्याने राहतो, ते मोठ्या प्राण्यांपासून जीव वाचावा म्हणून. माणसाला त्याने ठार केल्याची उदाहरणे फार विरळा. पण हातापायाला तो कडकडून चावतो. तो राक्षस नाही, तसे खेळणेही नाही.

आणखी एक गोष्ट. बाजारात रूपचंद नावाचा मासा मिळतो. तो पिरान्हासारखा दिसतो, म्हणून लोक घाबरतात. तो पिरान्हाचा भाऊबंद आहे, पण त्याचे दात माणसाच्या दाढांसारखे सपाट असतात. तोंड उघडून पाहिले की फरक कळतो. तोही दक्षिण अमेरिकेचाच.

पाळायला काय लागते?

आम्ही शाळेत मुलांना घनफळाचे गणित शिकवीत असू. तेच गणित येथे कामाला येते. समजा, पेटी 4 फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. गुणाकार केला की 9 घनफूट होतात. एका घनफुटात सुमारे 28 लिटर पाणी मावते. म्हणजे पेटीत सुमारे 250 लिटर पाणी झाले. एका लिटरचे वजन एक किलो. म्हणजे ज्वारीची शंभर किलोची अडीच पोती एका टेबलावर ठेवल्यासारखे झाले. साधे टेबल हे वजन पेलेल काय? आणि एवढी पेटीसुद्धा तीन मोठ्या पिरान्हांपुरतीच आहे.

माशाची घाण पाण्यातच राहते. तिच्यातून अमोनिया नावाचे विष तयार होते. म्हणून पाणी गाळणारे यंत्र लागते. त्याला फिल्टर म्हणतात. शिवाय दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे लागते. म्हणजे साठ लिटरच्या वर. जेथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे हे पाणी आणायचे कोठून?

या माशाला 24 ते 28 अंश उष्णतेचे पाणी मानवते. सोलापूरचा पारा उन्हाळ्यात 40 अंशांच्या वर जातो. पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो. त्यात वीज गेली, हवेचा पंप बंद पडला, की मासे गुदमरतात.

त्याला मासळीचे आणि कोळंबीचे तुकडे द्यावे लागतात. उरलेले तुकडे लगेच काढावे लागतात, नाही तर पाणी नासते. मासे उपाशी राहिले तर एकमेकांना चावतात. मुलांनी पाण्यात बोट घालू नये. गंमत बघण्यासाठी पेटीत जिवंत उंदीर टाकणे ही तर निव्वळ क्रूरता आहे.

हौस फिटली, मग?

सहा महिन्यांनी हौस फिटते. मासा मोठा होतो, पेटी लहान पडते. घरची बाई म्हणते, "पुरे झाले हे." मग मासा कोठे जातो? बादलीतून विहिरीत, नाही तर ओढ्यात. सोडणाऱ्याला वाटते, जीव वाचवला, पुण्य लागले. मंडळी, खरी चूक येथेच होते.

पिरान्हा एका वेळी हजारो अंडी घालतो. त्याला उबदार पाणी लागते आणि आपल्या भीमेचे पाणी उबदारच आहे. ओढ्याला पूर आला की मासा सीनेत जातो. सीना भीमेला मिळते, भीमा पुढे कर्नाटकात कृष्णेला मिळते. पाण्याला बांध घालता येतो, पण एकदा पसरलेला मासा परत गोळा करता येत नाही.

ही नुसती भीती नाही. उजनी धरणाकडे पाहा. भीमेवरचे हे धरण 1980 साली पूर्ण झाले. त्याच्या पाण्यावर शेकडो मच्छीमार कुटुंबे पोट भरतात. आज त्यांच्या जाळ्यात सकर नावाचा मासा येतो. हाही दक्षिण अमेरिकेचा. पेटीच्या काचेवरचे शेवाळ तो खातो, म्हणून लोक त्याला विकत आणतात. दुकानात तो बोटाएवढा असतो, पुढे फुटाच्या वर वाढतो. त्याचे अंग कठीण आणि काटेरी. तो जाळ्यात अडकला की जाळे फाटते. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. कोणाची तरी हौस फिटली, आणि जाळे दुसऱ्याचेच फाटले.

चिलापी मासाही परका. तो आपल्या देशात 1952 साली मुद्दाम आणला. आता उजनीत तो इतका आहे की मच्छीमारांची कमाई बरीचशी त्याच्यावरच चालते. पण मूळच्या माशांची जागा त्याने अडवली. मांगूरचेही तसेच. लोक ज्याला थाई मांगूर म्हणतात, तो मूळचा आफ्रिकेचा. तो दुसऱ्या माशांना खाऊन टाकतो. केंद्र सरकारने 2000 साली त्याच्या पालनावर बंदी घातली. तरी चोरून पाळणारे निघाले. उजनीच्या काठची असली तळी सरकारी खात्याला वेळोवेळी नष्ट करावी लागली.

आता सांगा, मरळ, वाम, शिंगाडा या आपल्या माशांनी जावे कोठे? आणि त्यांच्यावर जगणाऱ्या माणसाने काय करावे? एका माशावर केलेली दया शेकडो घरांच्या पोटावर येत असेल, तर तिला दया कसे म्हणावे?

ध्यानात ठेवा

1. मासा घेण्याआधी दुकानदाराला विचारा, तो केवढा होतो आणि काय खातो. परका मासा असेल तर मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयातही विचारा.

2. हौसच असेल तर लहान पेटीत मावणारे लहान मासे पाळा.

3. पाळणे जमले नाही तर मासा दुकानात परत द्या, किंवा नीट पाळील अशा माणसाला द्या. विहिरीत, ओढ्यात, नदीत, धरणात सोडू नका.

4. मेलेला मासा जमिनीत पुरा. पेटीतले पाणी झाडाला घाला. त्याचे खतच होते.

5. जाळ्यात अनोळखी मासा आला तर पाण्यात परत टाकू नका. मोबाईलवर त्याचा फोटो काढून मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा.

सांगा पाहू

1. रूपचंद आणि पिरान्हा यांच्या दातांत काय फरक आहे?

2. 3 फूट लांब, 1 फूट रुंद आणि 1 फूट उंच पेटीत सुमारे किती लिटर पाणी मावेल?

3. सकर मासा उजनीत कशामुळे पोचला असेल? त्याने कोणाचे नुकसान झाले?

4. तुमच्या गावच्या ओढ्याचे पाणी पुढे कोणत्या नदीला मिळते? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि वहीत लिहा.