हिरव्या दिव्याची साक्ष



या अंकातील पाठ मोटारसायकलीवर आहे. हे वाचून काही जणांना आश्चर्य वाटेल. पण वाशीम जिल्ह्यातील वस्त्यांवरची आपली निम्मी सेवा दोन चाकांवर चालते. त्या चाकांनी मला जे शिकवले ते तुमच्यापुढे ठेवतो.

मागच्या पावसाळ्यात मानोरा तालुक्यातल्या एका आंध वस्तीवर माझ्या चुकीपायी एक लेकरू थोडक्यात बचावले. औषधे वाटून झाली होती. मी चावी फिरवली, मीटरवर न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला आणि मी क्लच न दाबता किक मारली. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. इंजिन पेटताच तिने पुढे उडी घेतली. मी पडलो आणि गाडी आडवी झाली. समोर ओट्याजवळ तीन वर्षांचे एक पोर खेळत होते. पुढचे चाक त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबले. त्याच्या आजीने मला एक शब्दही बोलला नाही. पोराला कडेवर घेऊन ती घरात गेली. त्या रात्री मला झोप आली नाही.

ही गाडी जुनी, चार गिअरची. माझ्याआधी दोन सेवकांनी वापरलेली. दिवा अधूनमधून चुकतो हे मला ठाऊक होते. एकदा बल्ब बदलला होता, मग पूर्ण मीटर बदलले होते. दोन्ही वेळा खर्च तुमच्या दानातून झाला आणि दोष होता तिथेच राहिला. आम्ही न तपासता बदलत होतो.

आता हा दिवा कसा चालतो ते पाहू. गिअरबॉक्समध्ये एक गोल ड्रम असतो. आपण पायाने गिअर बदलला की तो थोडा फिरतो. त्याच्या टोकाशी एक संपर्काचा तुकडा असतो. इंजिनच्या बाहेरून एक छोटा स्विच बसवलेला असतो. ड्रम न्यूट्रलच्या जागी आला की तो तुकडा स्विचच्या टोकाला टेकतो. मग बॅटरीतून निघालेली वीज चावीतून बल्बमध्ये, तिथून वायरीने स्विचमध्ये आणि इंजिनच्या लोखंडातून परत बॅटरीकडे जाते. मेकॅनिक याला अर्थ मिळणे म्हणतात. म्हणजे दिव्याला गिअर कळत नाही. आपल्या वायरीला कुठेतरी अर्थ मिळाला, एवढेच त्याला कळते. तो अर्थ स्विचमध्ये मिळाला की वाटेत भलतीकडे, हे तो सांगू शकत नाही.

तपासणी अशी करावी. इंजिन बंद, गाडी डबल स्टँडवर, मागचे चाक अधांतरी. चाक हाताने फिरवत फिरवत गिअर बदलावेत, नाहीतर बंद गाडीत ते नीट पडत नाहीत.

पहिली पायरी: खरे न्यूट्रल ओळखा. क्लच सोडलेला असताना चाक मोकळे फिरले तर न्यूट्रल. जड लागून इंजिनाशी अडकले तर गाडी गिअरमध्ये आहे. दिवा काय म्हणतो ते नंतर पाहायचे.

दुसरी पायरी: दिवा मुळीच लागत नसेल, तर आधी हॉर्न आणि इंडिकेटर चालतात का पाहा. तेही बंद असतील तर फ्यूज आणि बॅटरी बघा. ते चालत असतील तर न्यूट्रल स्विचची वायर काढून तिचे टोक इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवा. दिवा लागला तर बल्ब आणि वायर ठीक आहेत, दोष स्विचमध्ये किंवा आतल्या संपर्कात आहे. नाही लागला तर बल्ब गेला आहे किंवा वायर तुटली आहे. नवा बल्ब घेताना आपली गाडी 6 व्होल्टची आहे की 12, हे आधी पाहावे. एक सावधगिरी: अशी टेकवून पाहायची ती फक्त हीच वायर. दुसरी कुठली टेकवली तर फ्यूज उडेल.

तिसरी पायरी: दिवा सगळ्या गिअरमध्ये जळत असेल, तर तीच वायर स्विचपासून काढा आणि मोकळी धरा. दिवा विझला तर स्विच खराब आहे. तरीही जळत राहिला तर वायर वाटेत कुठेतरी सोलून लोखंडाला लागली आहे. हँडल डावीउजवीकडे वळवताना दिवा लुकलुकला तर टाकीखाली, हँडलच्या मानेपाशी पाहा. नाही लुकलुकला तर चेनच्या पुढच्या चक्राजवळ पाहा.

चौथी पायरी: स्विच काढायचा असेल तर आधी ऑइलचा विचार करा. काही इंजिनांत तिथून ऑइल गळते. रबरी रिंग फाटली असेल तर नवी घाला.

काही गाड्यांत प्रत्येक गिअरचा आकडा दिसतो. सुझुकीच्या जीटी 750 वर तो 1974 पासून होता. तिथे हीच रीत थोड्या फरकाने चालते. एकच आकडा दिसत नसेल तर त्या आकड्याची वायर किंवा संपर्क पाहा. सगळेच गेले असतील तर त्यांची सामाईक वीज पाहा.

ज्यांच्या घरी बजाज चेतक होती त्यांना ही गोष्ट वेगळ्या रूपात आठवेल. तिच्या डाव्या मुठीवर गिअरचे आकडे असत. केबल ताणली की मूठ एक सांगे आणि गिअरबॉक्समध्ये दुसरेच असे. आपल्या गाड्या एका सेवकाकडून दुसऱ्याकडे जातात, त्यामुळे धोका आणखी वाढतो. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, पहिला वर आणि बाकीचे खाली. 1985 साली आलेल्या हिरो होंडा सीडी 100 चा गिअर डाव्या पायाला आणि चारही पुढे दाबून. पायाची सवय जुन्या गाडीची, गाडी नवी. अशा वेळी माणूस दिव्यावरच विसंबतो.

आमच्या गाडीचा दोष शेवटी वसतिगृहातल्या दहावीच्या एका मुलाने दाखवला. मी पुन्हा नवे मीटर आणायच्या गोष्टी करत होतो. तो मागचे चाक धरून म्हणाला, "सर, दिवा हिरवा हाय, पन चाक त फिरून नाही राह्यलं." मग त्यानेच चेनवरचे झाकण काढले. आत काळी माती आणि चेनचे तेल यांचा थर दगडासारखा बसला होता. त्या थराने न्यूट्रलची वायर चेनकडे ढकलली होती. चेनने तिचे आवरण घासून काढले आणि उघडी तार इंजिनला टेकली. माती खरवडली, वायरीचा तेवढा तुकडा नवा जोडला, टेप गुंडाळली आणि वायर चेनपासून दूर बांधली. दिवा ताळ्यावर आला. खर्च मीटरच्या मानाने काहीच नव्हता.

नियमशास्त्रात, अनुवाद 19:15 मध्ये, एका साक्षीदारावर निकाल देऊ नये असे सांगितले आहे. दोघा-तिघांची साक्ष हवी. ते न्यायसभेसाठी सांगितले आहे खरे, पण मला ते त्या ओट्यापाशी कळले. दिवा हा एक साक्षीदार, चाक दुसरा. मी एकाचेच ऐकले.

आणि इथे मला माझ्याबद्दलही बोलले पाहिजे. दर तिमाहीला आम्ही तुम्हाला अहवाल पाठवतो. वर्गात मुले इतकी, भेटी इतक्या, सर्व कुशल. तोही एक हिरवा दिवाच आहे. गेल्या वर्षी एका वस्तीवरच्या अभ्यासवर्गाची हजेरी मी पूर्ण लिहिली होती. सोयाबीनच्या सोंगणीत तिथल्या मोठ्या मुली महिनाभर आल्याच नव्हत्या. त्यांचे नाव पटावर होते, म्हणून मी दिवा लावला. चाक फिरवून पाहिले नाही. यासाठी मी देवाची आणि तुमची क्षमा मागतो. या तिमाहीपासून पटावरची आणि प्रत्यक्ष आलेली अशा दोन्ही संख्या लिहीन.

तुम्हीही आम्हाला विचारत जा. कधी या आणि वस्तीवर बसून पाहा. तुमच्या मंडळीत कुणाला वायरिंगचे काम येत असेल, तर त्यांनी एक शनिवार वसतिगृहातल्या मुलांना द्यावा. मुलांचे हात तयार आहेत.

त्या वस्तीवर मी आता गाडी रस्त्यालाच लावतो आणि पायी जातो. परवा आजीने पाणी दिले. पोर तिच्या मागे लपून माझ्याकडे पाहत होते. त्याच्यासाठी प्रार्थना करा आणि माझ्यासाठीही.