पाण्याला वाट देणारा पूल

इतिहासाच्या पुस्तकांत किल्ल्यांना आणि राजवाड्यांना मानाचे स्थान असते. पुलांच्या वाट्याला ते क्वचितच येते. पणजीहून जुन्या गोव्याकडे जाणारा प्रवासी रायबंदरपर्यंत ज्या सखल रस्त्याने जातो, तो रस्ता हाच एक ऐतिहासिक पूल आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. त्याचा अल्प परिचय मी येथे करून देत आहे.

'पोन्ते द लिन्हारिस' हे त्याचे नाव. लिन्हारिसचा काउंट मिगेल द नोरोन्या हा १६२९ ते १६३५ या काळात गोव्यात पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय होता. त्याच्या कारकिर्दीत १६३३-३४ च्या सुमारास जांभ्या दगडाचे हे काम झाले. लांबी सुमारे तीन किलोमीटर. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरे व खारफुटी.

वस्तुतः हा अर्धा बांध आणि अर्धा पूल आहे. आपल्या भागातील नाल्यावरचा रपटा ज्याने पाहिला आहे, त्याला याची कल्पना सहज येईल. फरक इतकाच की, पुरात रपट्यावरून पाणी जाते, येथे भरती-ओहोटीचे पाणी कमानींखालून ये-जा करते. अखंड भिंत घातली असती, तर पलीकडची मिठागरे खाऱ्या पाण्याला मुकली असती आणि पाण्याचा सारा दाब भिंतीवर आला असता.

हेच तत्त्व चीनमध्येही आढळते. हांगझौ येथील पश्चिम सरोवर गाळ व पाणवनस्पतींनी भरत चालले, तेव्हा तेथील अधिकारी व कवी सू तुंगपो याने १०९० च्या सुमारास ते उपसले, त्याच गाळाचा लांब बांध घातला आणि त्यात सहा कमानदार पूल ठेवले. श्वेतसर्पिणीच्या दंतकथेमुळे त्या सरोवरावरील 'तुटका पूल' प्रसिद्धी पावला. त्या मानाने या सहा पुलांची स्वतंत्र कीर्ती थोडी. तरी बांधाच्या दोन्ही बाजूंचे पाणी एक राहिले, ते त्यांच्यामुळेच.

मांडवीवरील १९७० च्या सुमाराचा मोठा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला आणि त्यात जीवितहानी झाली. साडेतीन शतकांचा लिन्हारिस पूल मात्र वाहतूक पेलत राहिला. यावरून जुने तेवढे चांगले, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. खोल पात्रावर उंच पूल बांधण्याचे काम निराळे आणि अधिक कठीण. परंतु खाऱ्या हवेत लोखंड गंजते, म्हणून बांधकामाइतकीच देखभालही महत्त्वाची, हा धडा त्यातून मिळतो.

जुना पूल जपणे म्हणजे नावाची पाटी लावणे नव्हे. रस्ता रुंद करण्याच्या नादात कमानी बुजल्या, तर दगड उरतील, पूल उरणार नाही. त्याचे शांत सौंदर्य त्या मोकळ्या कमानींतच आहे, असे मला वाटते.