आधी गल्लीतून चालून ये

अगं, काल फोनवर तुझा आवाज ऐकूनच कळलं मला. सत्तर घरांत निरोप दिलास, चहा सांगितलास आणि मीटिंगला आले नऊजण. त्यातले दोघे पार्किंगवरून भांडून निघून गेले. आता तू म्हणतेस, आपल्या लोकांना कशाचं काही पडलेलंच नाही. हे वाक्य मनातून काढून टाक. मीही एकदा अगदी हेच म्हणाले होते, आणि तेव्हा चूक माझी होती.

आमच्या कोपऱ्यावर बाकं आणि झाडं हवीत, असं मी घरी बसूनच ठरवलं होतं. खर्चाचा अंदाज काढला आणि मग लोकांना सह्यांसाठी बोलावलं. मी आधीच ठरवलेल्या कामाला माना डोलवायला कोण कशाला येईल? शेवटी भाजीवाल्या मावशींनीच मला थांबवलं. म्हणाल्या, "बाक कशाला ताई, तिथं दिवा नाही. माझी सून रात्री साडेआठला कामावरून येते. गाडी तशीच टाकून मी तिला आणायला जाते." त्या कोपऱ्यावरून मी रोज जायची, पण सकाळी, फिरायला. रात्रीचा तो कोपरा मी कधी पाहिलाच नव्हता.

म्हणून सांगते, एवढ्यात दुसरी मीटिंग लावू नकोस. आधी चालून ये. अंधार पडल्यावर, दोघीतिघींना सोबत घेऊन, हातात वही. "काय सुधारायला हवं?" असं विचारू नकोस, त्यावर लोक पाण्यापासून सरकारपर्यंत सगळं बोलतात आणि हाती काही लागत नाही. "इथून जाताना तुम्हाला कुठे जपून जावं लागतं?" एवढंच विचार. लोक लगेच बोट दाखवतात. आमच्याकडे एका आजींनी काठी टेकवून फुटपाथची हललेली फरशी दाखवली. शाळेतल्या मुलीनं सांगितलं, या वळणावर ती पळत जाते. ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे नाहीत, त्यांना आधी गाठ. वॉचमनदादा, घरकामाला येणाऱ्या बायका, कचरा न्यायला येणाऱ्या ताई. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था २००८ पासून दारोदार कचरा गोळा करते. त्या ताई रोज दारोदार जातात. कुठल्या कोपऱ्यावर कचरा कधी पडतो आणि कोण टाकतं, हे त्यांच्याइतकं नीट कुणालाच माहीत नसतं. कचऱ्याबद्दल ठरवायचं तर त्यांना खुर्ची द्यायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

मग यादीतलं एकच काम निवड, महिना-दोन महिन्यांत डोळ्यांना दिसेल असं. आम्ही दिवे घेतले. बंद खांबांचे नंबर लिहून घेतले, फोटो काढले, आणि निवेदनात दिव्यांशिवाय दुसरा विषय घातला नाही. पाच मागण्या एका कागदावर घातल्या की तो कागद पाच टेबलांवर फिरत राहतो. क्षेत्रीय कार्यालयात जाताना दोन प्रती ने; एकीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नकोस. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि तीस दिवसांत माहिती द्यावी लागते. पण तो भांडणाच्या सुरात लिहू नकोस. आपल्या निवेदनावर काय कार्यवाही झाली, एवढंच सरळ विचार.

फुटपाथ, बसथांबा अशी पैसे लागणारी कामं असतील तर अंदाजपत्रकाची वाट धर. पुणे महापालिका २००६ पासून पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून आपल्या भागातली कामं मागवते. अर्ज कधी घेणार ते क्षेत्रीय कार्यालयात आधीच विचारून ठेव, कारण मुदत गेली की वर्ष गेलं. अर्ज तू एकटीनं भरू नकोस, गल्लीतल्या दहा घरांना भरायला लाव.

आणि बाळा, सगळं स्वतःच्या अंगावर घेऊ नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. बँकेतून निवृत्त झालेले काका पत्रं लिहितील, कॉलेजची पोरं फोटो काढतील. त्या पार्किंगवरून भांडलेल्या दोघांनाही बोलाव. भांडायला का होईना, ते आले होते ना. आमच्या कोपऱ्यावर दिवा लागला तेव्हा पाठपुराव्याला गेलेल्या प्रत्येकाचं नाव मी फळ्यावर लिहिलं, पहिलं भाजीवाल्या मावशींचं. पुढच्या मीटिंगला बोलावणं करावंच लागलं नाही.

उद्या सातनंतर निघ. परत आलीस की वहीत काय लिहिलंस ते मला फोनवर वाचून दाखव. मी जागीच असेन.