रोगापूर्वीं पोंचलेली भीति

चीन देशांतील वूहान शहरीं नव्या तऱ्हेच्या न्युमोनियाचे रोगी आढळल्याची वार्ता ता. ३१ डिसेंबर २०१९ रोजीं जगास कळली. ता. ३० जानेवारी २०२० रोजीं भारतांतील पहिला रोगी केरळांत आढळला. महाराष्ट्रांतील पहिले रोगी पुण्यास ता. ९ मार्च रोजीं आढळले. परंतु भीति त्यापूर्वींच गांवोगांवीं पोंचली होती. कोंबडीच्या मांसानें हा रोग जडतो, अशी कंडी फेब्रुवारींत पिकली. गिऱ्हाईक तुटलें, भाव कोसळले, आणि कित्येक शेतकऱ्यांनीं पोसलेल्या कोंबड्या फुकट वाटल्या किंवा पुरून टाकल्या. वस्तुतः हा विषाणु माणसाच्या श्वासांतून व खोकल्यांतून माणसास लागत होता. त्या दिवसांत आम्हींही शेजारच्या कोंबडीवाल्यास ‘नको’ म्हटलें, हें कबूल करितों.

वाचकहो, नव्या रोगाची भीति वाटणें हा दोष नव्हे. तिनें हात धुण्याची व गर्दी टाळण्याची बुद्धि होते. पण ऐकलेली गोष्ट दुसऱ्यास सांगण्यापूर्वीं आपण तीन प्रश्न करावे: हें कोणीं पाहिलें? डॉक्टर काय सांगतात? आणि हें खोटें ठरल्यास कोणाच्या पोटावर पाय येईल? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर बहुधा आपल्याच आळींत राहत असतें.